मोहन्याच्या मुलीचा दाखवायचा फोटो

काका,

एक तक्रार गुदरायची आहे. ती नीट ऐकून घेईल असं माणूस हयात मंडळींत सापडलं नाही, म्हणून तुम्हाला त्रास देतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पूर्वी वाळूचं घड्याळ यायचं, ते आता येत नाही. कुणी बंद केलं ठाऊक नाही, पण मला विचारून केलेलं नाही एवढं नक्की. फोटोवर काही करायला सांगितलं की ते घड्याळ उलटं-सुलटं होत बसायचं, आणि तेवढ्यात माणूस चहा पिऊन, गल्लीत डोकावून, आपण केलं ते बरं केलं की वाईट याचा सांगोपांग विचार करून परत खुर्चीत यायचा. आता सांगायच्या आत झालेलं असतं. पश्चात्तापाला जागाच ठेवलेली नाही. नवीन मशीन बसवायला आलेल्या माणसाला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणतो, "सर, स्पीड वाढलाय, त्याची कसली कम्प्लेंट करता?" मोक्ष मिळाल्यावर तक्रार करणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

खरं सांगायचं तर आज गुरुवार आहे आणि रविवारच्या आत मला मुलीचा फोटो लग्नाच्या साइटवर चढवायचा आहे. ती अठ्ठावीस वर्षांची, ठाण्याला माजिवड्याच्या पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे, माझ्यासारखी तिरकस बोलते, आणि तिच्यात एवढा एकच दोष आहे असं माझं मत. लोक दुसराही दाखवतात. डाव्या कानाखालून जबड्याच्या कडेने हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा पट्टा आहे. बाराव्या वर्षी एक टिपका दिसला, तो वाढत गेला, मग एका जागी थांबला. फोटो मीच काढलाय, आपल्या पद्धतीने, खिडकीच्या उजेडात, आणि चांगला आलाय. पट्टा ठेवायचा की काढायचा एवढंच ठरत नाही. आमच्या हिचं म्हणणं, "अहो, गावभरच्या मुलींचे चेहरे नितळ करून झाले, आपल्या मुलीच्या वेळी बरा तुमचा धर्म जागा झाला!" मुलीला विचारलं तर ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, ठेवा नाहीतर काढा, पण रविवारच्या आत करा. सोमवारी माझं रिलीज आहे." मी म्हटलं, अगं पण तुला काय वाटतं? "मला वाटून वाटून सोळा वर्षं झाली. आता तुमचा टर्न." हे म्हणून ती फोनवर कुणाशी तरी हसायला लागली. मी सोमवारपासून चार वेळा ती फाइल उघडली आणि चार वेळा बंद केली. दुकानात बसवत नाही, घरी बसवत नाही. म्हणून तुमच्याकडे आलो.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी संस्कृत घेऊन एम. ए. झालेला, जाड चष्म्याचा आणि कुठल्याही कामाला निरुपयोगी असा तरुण होतो. डोंबिवली पूर्वेला बाजाराच्या गल्लीत आपला स्टुडिओ. पुढे काउंटर, मध्ये पडदा आणि फोटो काढायची खोली, मागे उत्तरेच्या खिडकीशी तुमचं उतरतं टेबल. मालकांनी मला घेतलं ते लग्नपत्रिकांसाठी. पत्रिका छापायचा जोडधंदा होता आणि वरच्या श्लोकात चूक निघाली की वधूचे आजोबा सगळा गठ्ठा परत आणून काउंटरवर आपटायचे. त्या आजोबांना थोपवायला मी. मग कॉम्प्युटर आला, तोही पत्रिकांसाठीच. मग स्कॅनर आला, आणि मालकांना कुणीतरी सांगितलं की आता फोटोही यातच दुरुस्त होतात. अशा रीतीने धातुरूपं पाठ केलेला माणूस लोकांच्या मुरमांच्या मागे लागला.

तुम्ही ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वडील जाळं घेऊन होडीवर, तुम्ही भिंग घेऊन निगेटिव्हवर. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, काचेखाली आरसा, आणि खिडकीतून येणारा तो पांढरा उजेड. त्यात तुम्ही बायकांच्या डोळ्यांखालची वर्षं कमी करायचात. रंगीत फोटो आल्यावर पेन्सिल गेली आणि तुम्ही प्रिंटवर बारीक कुंचल्याने रंग टिपायला लागलात. स्टुडिओचं पोट चालायचं ते दाखवायच्या फोटोंवर. पोस्टकार्ड साइज, मुलगी उभी, साडी, एक हात प्लॅस्टिकच्या फुलदाणीवर. तीन प्रती, पत्रिकेबरोबर टपालाने स्थळांकडे जायच्या. त्या फोटोंसाठी तुमचा एक नेम होता, तो तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला सांगितलात. "डाग कमी करायचा, काढायचा नाय. ज्याला बगायचा हाय त्याला दिसला पायजे. ज्याला नाय बगायचा, त्याच्या डोळ्यात खुपला नाय पायजे." मी मनात म्हटलं, हे तर नुसतं धोरण झालं, यात शास्त्र कुठे आहे? त्या वयात माझी शास्त्राबद्दल फार मोठी कल्पना होती.

आणि मग ती दोन सॉफ्टवेअरची परीक्षा. तुम्हाला आठवत असेल, मालकांनी फर्मान काढलं: हार्डडिस्कवर दोघांना जागा नाही, एक ठेवा, एक काढा. एक स्कॅनरबरोबर फुकट आलेलं, त्याला आपण धाकटं म्हणायचो. दुसरं कुणाच्या तरी ओळखीने अकरा फ्लॉप्यांवर आलेलं, ते थोरलं. धाकटं झटकन उघडायचं, झटकन काम करायचं, आणि कामही झटकन केल्यासारखंच दिसायचं. गालावरच्या सावलीचे त्याने पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे करून ठेवायचे. डाग घालवायला त्याच्याकडे एकच हत्यार, सारवल्यासारखं बोट फिरवायचं. त्याने मुलगी अशी दिसायची की जणू तोंड धुताना मध्येच कुणी हाक मारली. थोरल्याची चाल वेगळी. त्यात शेजारची चांगली त्वचा उचलून डागावर नेऊन ठेवता यायची, कडा विरघळवता यायच्या. पण फोटो उघडायला त्याला फोटोच्या तिप्पट-चौपट मेमरी लागायची, आणि आपल्याकडे होती सगळी मिळून आठ एमबी. उरलेलं ते हार्डडिस्कवर मांडून बसायचं. मग डब्यातून खरखर सुरू, वाळूचं घड्याळ सुरू, आणि शेवटी एक चौकट यायची की मेमरी पुरत नाही. तो संदेश मला सूत्रासारखा वाटायचा: अक्षरं मोजकी, संशयाला जागा नाही, आणि अर्थ लावायला भाष्यकार हवा. भाष्यकार मीच. पत्रिकांसाठी भरून ठेवलेले चाळीस फॉन्ट काढून टाकले, पडद्यावरचे रंग कमी केले, तरी चौकट येतच राहिली. तुम्ही खिडकीतून, मान न वळवता, विचारायचात, "काय शास्त्रीबुवा, बसला काय तुमचा बाबा समाधीला?"

तीन आठवड्यांनी मला कारण सापडलं आणि तो माझ्या आयुष्यातला पहिला शोध. दर शुक्रवारी आपल्याकडची वीज जायची. थोरलं काम करता करता हार्डडिस्कवर स्वतःच्या तात्पुरत्या फायली मांडायचं आणि काम संपलं की आवरायचं. पण वीज मध्येच गेली की त्या तशाच पडून राहायच्या. किती शुक्रवारांचं ते साचलेलं होतं, एका कोपऱ्यात, कुणाला न दिसता. ते सगळं काढलं तशी निम्मी डिस्क मोकळी झाली. मी खुर्चीतून उठून ओरडलो. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आता जरा केर काढायला पण शिक." समोरच्या कोपऱ्यात माझ्याच चहाचे चार रिकामे पेले होते.

आता परीक्षेला एक फोटो हवा होता, आणि त्याच आठवड्यात कल्याणच्या पुढच्या मोहने गावातली एक मुलगी येऊन गेली. वडील कारखान्यात, आई घरी. ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी चार आण्याएवढा कोडाचा डाग. फोटो तुम्ही काढलात. मग नारळी पौर्णिमा आली, तुम्ही दोन दिवस घरी राहिलात, आणि दुकानात मी, थोरलं, धाकटं आणि तो फोटो एवढेच उरलो. मी फक्त तुलना करणार होतो, हे तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं. धाकट्याने ओठ सारवून टाकला. थोरल्यावर मी चाळीस मिनिटं बसलो. गालावरची कातडी कणाकणाने उचलतोय, ओठाच्या कडेशी आणून ठेवतोय, प्रत्येक वेळी घड्याळ उलटतंय, आणि केलेलं परत फिरवायची मुभा एकदाच, म्हणून श्वास रोखून बसलोय. आणि एका क्षणी तिथे डाग नाही. कधी नव्हताच. मला जो आनंद झाला तो मुलीसाठी नव्हता हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. थोरलं चाललं, माझ्या हातून चाललं, त्याचा होता. फाइलचे तुकडे करून सहा फ्लॉप्यांवर भरले, माजिवड्याच्या लॅबमध्ये घेऊन गेलो, पाचवी फ्लॉपी हटकून बिघडली, परत डोंबिवली, परत माजिवडा. एवढे कष्ट घेतल्यावर तो नुसता नमुना म्हणून कोण ठेवणार? मुलीचे वडील आले तेव्हा मी त्याच तीन प्रती त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग दोन पाकिटात घातल्या आणि एक शर्टाच्या खिशात ठेवली. मी ते कौतुक समजलो.

पुढचं आपल्याला त्यांच्याच तोंडून कळलं. खडवलीकडचं स्थळ होतं, फोटोवरून पसंती आलेली. मंडळी बघायला आली, पोहे झाले, आणि मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढून मुलीच्या गालाशेजारी धरला. बाजारात कापडाचा तुकडा साडीला लावून बघतात तसा. खोलीतले सगळे एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. कुणी काही वाईट बोललं नाही. "कळवतो," म्हणाले. वडिलांनी तो फोटो आपल्या काउंटरवर ठेवला आणि मला विचारलं, "साहेब, ही कोण?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तुम्ही मागून आलात. फोटो उचललात, भिंगाशिवायच बघितलात. मला वाटलं आता माझी धडगत नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "दादा, चूक आमची हाय. शुक्रवारी घरी येतो." मला दोन दिवस नुसतं "चष्मा पूस," "पंखा लाव," एवढंच. काका, ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी दोन दिवस युक्तिवाद तयार करत होतो, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष सगळं, आणि ऐकायला समोर कुणी उभंच राहिलं नाही.

शुक्रवारी वीज गेली तशी तुम्ही चप्पल घातलीत. "चल." कल्याणहून मोहने, मग त्यांच्या चाळीतली पहिली खोली. तुम्ही सोबत तोच मूळ फोटो नेला होतात, तुमच्या कुंचल्याने टिपलेला. डाग होता, पण आधी डोळे दिसत होते, मग हसू, मग डाग. तुम्ही माफी मागितलीत, तीही अशी की जणू मासळी खराब निघाली आणि बदलून द्यायला आलात. मुलीची आई पाणी घेऊन आली, बसली नाही. मुलगी दारात उभी होती. ती तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"कॉम्प्युटरवर केलं ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

"किती वेळ लागला जायला?"

"चाळीस मिनिटं." खरं सांगायची ही वेळ नव्हे हे मला कळायला हवं होतं.

ती आईकडे वळली. "ऐकलंस ना, आई? चाळीस मिनिटं. आणि तू अकरा वर्षं लेप लावतेयस." आणि हसली. खरोखर हसली, काका. मग तिची आईही तोंडाला पदर लावून हसली आणि तशीच आत निघून गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुम्ही म्हणालात, "पोरी, चहा टाक, हा शास्त्री उपाशी हाय."

परतताना, रिक्षाची वाट बघत उभे असताना, तुम्ही बोललात. "आमचा बाप जाळं शिवायचा. फाटलेली जागा अशी शिवायची की मासा सुटला नाय पायजे. पण हात फिरवला तर गाठ लागली पायजे. का सांग?" मी म्हटलं, कदाचित मजबुतीसाठी. "नाय रं. उद्या दुसरा कोण जाळं घेऊन जाईल, त्याला कळाया नको, इथं एकदा फाटलं होतं म्हणून?" मग रिक्षाला हात करत म्हणालात, "तू तिला गाठच ठेवली नायस. त्या पोराच्या आईनं सगळ्यांसमोर हात फिरवला, तवा लागली." एवढीच तुमची बोलणी. त्यानंतर आयुष्यात तो विषय तुम्ही काढला नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मुंबईहून आलात आणि माझ्या टेबलावर निगेटिव्हच्या कागदी पाकिटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंत. आत मेमरीची पट्टी. "तुझं यंत्र फार धापा टाकतं. ऐकवत नाय." ज्या यंत्राने तुमचं टेबल रिकामं करायला घेतलं होतं त्याला तुम्ही आपणहून दम आणून दिलात. मालकांना सांगितलंत, "थोरलं ठेवा. हत्यार चांगलं हाय." आणि मला, "हात सुधार." मी ती पट्टी बसवली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा खिडकी सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात आणि भिंगाने पडद्याकडे बघायला लागलात. पडद्यावर भिंग धरलं की नुसते रंगीत ठिपके दिसतात. तुम्हाला त्याची फार गंमत वाटली.

त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असावं, तुम्ही दोन-तीनदा मोहन्याला जाऊन आलेलात. मी विचारलं नाही. विचारायला घाबरलो. आणि मग माझ्याच घरी, बाराव्या वर्षी, तो टिपका. मी डॉक्टरांना विचारलं, हे कशाने होतं? त्यांनी समजावून सांगितलं, यात कुणाची चूक नसते. मी त्यांचं ऐकलं. आठवड्यातले पाच-सहा दिवस ऐकतो.

तुम्ही गेलात त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तुमच्या घरी भिंतीवर आहे तो फोटो मीच केलाय. तुमच्या गालावरचे देवीचे वण ठेवलेत, जरा सौम्य करून. माझ्या दुकानातून आजवर जे दाखवायचे फोटो गेले त्यांत मी तुमचा नेम मोडलेला नाही. आया रागावल्या, काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, मोडला नाही. दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत नेम पाळणं सोपं असतं हे मात्र तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तुम्हाला मुलगी नव्हती.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. तुम्ही असतात तरी मी ते टाकलं नसतं; उत्तरेच्या खिडकीशी येऊन उभा राहिलो असतो, तुम्ही "काय रं?" म्हणाला असतात, आणि मी "काही नाही, उजेड बघतोय" असं म्हटलं असतं. लिहितोय ते काल जे झालं त्यामुळे.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी मुलीचा फोटो उघडला आणि नुसतं बघावं म्हणून नव्या सॉफ्टवेअरला तो पट्टा काढायला सांगितला. हाताला काही कामच पडलं नाही. बोट उचलायच्या आत कानापासून हनुवटीपर्यंत नितळ चेहरा समोर. काका, मला बरं वाटलं. थोडंथोडकं नाही. खांद्यावरून काहीतरी उतरावं तसं, आतून, सगळीकडे बरं वाटलं. मी किती वेळ त्या चेहऱ्याकडे बघत होतो सांगता येत नाही. मग सेव्ह न करता बंद केला. मूळ फोटो जसा आहे तसाच रविवारच्या आत चढवीन, ते मला आता कळलंय. त्याची काळजी नाही. खडवली असो की अमेरिका, लोक काय म्हणतील याचीही फारशी नाही. मला वाटत होतं मी तो पट्टा कधीच बघायचं सोडलंय, आणि काल कळलं की एक दिवसही सोडलं नव्हतं. काळजी एवढीच आहे की गेली सोळा वर्षं रोज जेवताना ती माझ्या समोर बसते, आणि माझा चेहरा बघते.